डाव्या हातावरचा शब्द

बा, हे मी मराठीत लिहिते आहे. तुझी मराठी बाजारापुरती, तीही अर्धी अहिराणीत मिसळलेली, आणि वाचता तर तुला एकही अक्षर येत नव्हतं. आपल्या बोलीत लिहायला गेले तर हात अडतो. त्या बोलीत मी तुझ्याशी भांडले, रुसले, हट्ट करून चपला मागितल्या, पण लिहिलं कधीच काही नाही. म्हणजे हे पत्र कुठल्याच वाटेने तुझ्यापर्यंत येणार नाही. तू जाऊन नऊ वर्षं झाली. पोचणार नाही म्हणूनच बहुतेक मला लिहायचा धीर झाला आहे.

काल मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला. मी आता खाली एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते, हे तुला माहीत नाही. तू होतास तेव्हा मी नुसती बीए होते आणि घरी बसून अर्ज भरत होते. त्याने नेहमीसारखी सुरुवात केली, "ओ मास्तरीण बाई, पोरांना मारून झालं का?" मी म्हटलं, आता मारत नाहीत. "मग शिकतात कशी?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "या होळीच्या भोंगऱ्या बाजारात पोरीच्या हातावर गोंदवायचंय. बाच्या हातावर होतं तेच. तू तेवढं मोबाइलवर लिहून पाठव, अक्षर चुकायला नको." त्याची पोर पाच वर्षांची आहे, तिने तुला पाहिलेलं नाही. मी म्हटलं, एवढ्याशा पोरीला कशाला? "मग काय म्हातारी झाल्यावर? आई म्हणते, आजोबाची खूण राहील." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि पुढचे दोन तास फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही.

तुझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, नऊ इंग्रजी अक्षरं होती. ती मी लिहून दिली होती. त्यांचा अर्थही मीच तुला सांगितला होता. तो अर्थ मी खोटा सांगितला होता, आणि हे आजवर घरात कुणालाही ठाऊक नाही.

बूनडॉक्स. हा शब्द मला नाशिकच्या वसतिगृहात, माझ्या खोलीतल्या मुलीकडून मिळाला. ती मुंबईहून आलेली होती. तिला हवे तितके गुण मिळाले नाहीत म्हणून तिला नाशिकला यावं लागलं होतं आणि त्याचा राग ती नाशिकवर काढायची. कॉलेजच्या फाटकाबाहेर द्राक्षाचे मळे होते, त्यांच्याकडे बघून म्हणायची, "शी, काय बूनडॉक्समध्ये येऊन पडलेय मी." मी अर्थ विचारला नाही. विचारलं असतं तर मला येत नाही हे कळलं असतं. तिच्या तोंडाकडे बघून मी अर्थ लावला: जिथे रस्ता संपतो, जिथे काही मिळत नाही, जिथली माणसं शंभर वर्षं मागे असतात, असा मुलूख. अर्थ बरोबरच होता. हा पुस्तकातला शब्द नव्हे, बोलण्यातला, मित्रांमध्ये वापरायचा, जरा नाक मुरडून उच्चारायचा शब्द. मला तो फार आवडला, कारण तो माहीत असलेली माणसं त्या मुलखातली नसतात असं मला वाटलं.

पहिल्या वर्षी मुली मला विचारत, तुझं गाव कुठे? मी सांगे, नंदुरबार. नंदुरबारात कुठे? धडगावकडे. धडगावात? आणि मग मी गप्प होई, कारण पुढे सांगण्यासारखं नाव नव्हतं, पाडा होता. "अगं, मॅपवर दाखव ना," म्हणत एकीने मोबाइल पुढे केला. त्यात नुसता हिरवा रंग होता. त्या हसल्या. फार वाईट हसल्या असं नाही, पण हसल्या. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले होते. कुणी विचारलं की मीच आधी म्हणायची, "माझं गाव ना? एकदम बूनडॉक्स!" आणि सगळ्यांच्या आधी मी हसायची. आपण आधी हसलं की मग दुसऱ्याचं हसणं लागत नाही, हे मला समजलं होतं. त्या वर्षी माझं इंग्रजी सुधारलं, मैत्रिणी झाल्या, आणि माझं टोपणनावच ते पडलं.

तू मला आठवीत आश्रमशाळेत जाताना शहाद्याच्या बाजारातून पत्र्याची पेटी घेऊन दिली होतीस. निळी. कडी नीट लागते का ते तू दुकानात इतक्या वेळा बघितलंस की दुकानदार वैतागून म्हणाला, "बाबा, पेटी शे, तिजोरी नही." तीच पेटी मी नाशिकला नेली होती. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली, वसतिगृह रिकामं करायचं होतं, सगळ्यांचं सामान बांधून झालेलं. खोलीतल्या त्या मुलीने लाल नेलपॉलिशची बाटली उघडली आणि पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत माझं टोपणनाव लिहायला बसली. मध्येच थांबून तिने विचारलं, "लिहू ना गं? वाईट नाही ना वाटणार?" हे तिच्या बाजूने सांगायला हवं, तिने विचारलं होतं. मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि ब्रश तिच्या हातातून घेतला. शेवटची तीन अक्षरं मी रंगवली.

तू मला घ्यायला जिथे जीप थांबते तिथवर आला होतास. जीपवाल्याने टपावरून पेटी खाली दिली, तू गमछ्याची चुंबळ केलीस आणि पेटी डोक्यावर घेतलीस. तिथून आपलं घर दीड तासाचं, सगळी चढण. तू पुढे, मी मागे. पेटी तू कुशीवर उभी धरली होतीस, झाकण मागे, कडी वर, कारण कडी हाताला सापडायला हवी. त्या सगळ्या चढणीवर ती लाल अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर वर-खाली होत चालली होती. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "बा, दे ना, मी घेते थोडा वेळ." तू म्हणालास, "पुस्तकं आहेत ना आत? मग मला घेऊ दे. वाचायची तू, वाहायची मी."

घरी आई अंगणात आंब्याच्या फोडी वाळत घालत होती. तू पेटी ओसरीवर ठेवलीस, घाम पुसलास आणि झाकणावरून बोट फिरवलंस. "हे काय लिहिलंय? तुझं नाव?" मी नाही म्हटलं. "मग कॉलेजचं?" मी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा मला कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या. कंपनीचं नाव आहे म्हणता आलं असतं, मैत्रिणीचं नाव म्हणता आलं असतं. पण तुझ्या कपाळावर चुंबळीचा वळ उठला होता आणि मला तुला काहीतरी चांगलं द्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "डोंगरातले, असं लिहिलंय. डोंगरात राहणारी माणसं."

तू माझ्याकडे बघत राहिलास. "इंग्रजीत आपल्यासाठी शब्द आहे?"

"आहे."

"ऐकलंस का गं," तू आईला हाक मारलीस, "साहेबांच्या बोलीत आपल्यासाठी शब्द आहे, आणि कचेरीतल्या बाबूला आपला पाडा सापडत नाही!" आई म्हणाली, "शब्द आहे तर पाणी पण येईल मग," आणि फोडी उलटायला लागली. तू मला तो शब्द चार वेळा म्हणायला लावलास. शेवटचा स तुझ्या तोंडात कधी बसला नाही. बुनडाक, बुनडाक, असं म्हणत तू बैल सोडायला गेलास. मी आत जाऊन पेटीकडे पाठ करून बसले. मला वाटलं, चार दिवसांत विसरशील.

तू विसरला नाहीस. पुढच्या होळीला मी तिसऱ्या वर्षातून सुट्टी काढून आले. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार, धडगावात पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येक पाड्याचा ढोल वेगळा घुमतो आहे, तू आपला ढोल खांद्याला लावून सकाळपासून वाजवतो आहेस. दुपारी ढोल भावाकडे देऊन तू मला म्हणालास, चल. मला वाटलं गोडीशेव घेऊन देशील. तू मला गोंदणाऱ्याकडे नेलंस. कापडाच्या सावलीत तो बसलेला, पुढे बॅटरीला जोडलेलं मशीन, मागे फळीवर विंचू, मोर, बदाम, नावं अशी चित्रं लावलेली. खालच्या गावातला माणूस, अहिराणी बोलणारा.

"काय गोंदू, बाबा? बायकोनं नाव?"

"बायको ते घरमाच शे, तिनं नाव कसाले?" तू म्हणालास, आणि मला म्हणालास, "लिही."

मला कळलं, तरी मी विचारलं, काय लिहू. तू म्हणालास, "आपलं. पेटीवरचं." बाजूला उभ्या असलेल्या पाहुण्यांना तू समजावून सांगायला लागलास, की आपल्यात म्हणतात ते खरं आहे, चांदी इथे राहते, कपडे इथे राहतात, गोंदण तेवढं माणसाबरोबर जातं. "वर गेल्यावर माझा बाप विचारेल, कुठून आलास, तर हात दाखवीन." कुणीतरी म्हणालं, तुझ्या बापाला कुठे इंग्रजी येतं? तू म्हणालास, "तिथे तर साहेब पण मेलेले असतील की. वाचून दाखवतील." सगळे हसले. मीही हसले.

गोंदणाऱ्याने वहीचं पान फाडून दिलं. मी त्यावर लिहिलं. मोठी अक्षरं, सुटी सुटी, वळणदार. बा, मी ते फार नीट लिहिलं. ज्या गोष्टीची लाज वाटते तीही मी नीट लिहिते, शाळेने मला तेवढं शिकवलं. त्याने पान उलटसुलट करून बघितलं. "इंग्रजी शे हाई. काय अर्थ शे?" तू म्हणालास, "तुले काय करनं? तू गोंद. मन्ही पोरनी लिखेल शे." तेव्हा तो माझ्याकडे वळला. "ताई, नीट देखी ले. एकडाव गोंदं का मंग निघाव नही."

तो क्षण मला अजून हातात धरता येतो. ढोल चालू आहेत, त्यामुळे जरा ओरडूनच बोलावं लागतं आहे. तू बाही वर केली आहेस. मला एवढंच म्हणायचं आहे, की थांब, बा, हा शब्द नको, दुसरा देते. मला डोंगराचा साधा इंग्रजी शब्द येत होता, तिसरीपासून येत होता. तोच का नाही लिहिला? कारण पेटीवर तो नव्हता, आणि तू अक्षरं वाचत नसलास तरी आकार ओळखायचास. मग विचारलं असतंस. मी गोंदणाऱ्याला म्हटलं, "बरोबर आहे."

काठी गावची मोठी होळी झाल्यावर सकाळी आपण तिथून परत येत होतो. रस्त्यावर बाहेरगावची पाहुणेमंडळी कॅमेरे घेऊन उभी होती. एका माणसाने तुझ्या ढोलाचा फोटो काढला, मग त्याचं लक्ष हाताकडे गेलं. त्याने बायकोला दाखवलं. दोघं हसली, आणि त्याने अंगठा वर केला. तुला इतका आनंद झाला की तू हात आणखी पुढे केलास, त्यांनी त्याचा वेगळा फोटो घेतला. पुढे आल्यावर तू मला म्हणालास, "वाचलं त्यांनी. वाचून खूश झाले." मी चार माणसं मागे राहून चालत होते. त्या फोटोत मी नाही.

त्यानंतर मी बीए झाले. घराण्यात पहिली, पाड्यात पहिली मुलगी. तू गूळ वाटलास. त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तुझा ताप उतरेना, छातीत पाणी झालं आणि आपण तुला खाली मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सकाळी राउंडला एक शिकाऊ डॉक्टर यायची, माझ्याच वयाची. दुसऱ्या दिवशी तिने नाडी बघायला तुझा डावा हात उचलला आणि अक्षरं वाचली. "बूनडॉक्स?" ती हसली, पण लगेच तिचा चेहरा बदलला. "बाबा, ही कुणी मस्करी केली तुमची?"

"कसानी मस्करी?" तुला धाप लागत होती तरी तू बोललास. "मन्ही पोरनी लिखेल शे. बीए शे ती."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. थेंब किती सावकाश पडतात ते मी मोजत होते. तू तिला म्हणालास, "अर्थ माहीत शे का, डॉक्टरीणबाई? डोंगरमधला माणूस." ती म्हणाली, "हो बाबा. बरोबर आहे." तिने तुझा हात खाली ठेवला, आणि नंतरच्या सगळ्या दिवसांत ती माझ्याशी फक्त औषधांबद्दल बोलली. एका परक्या मुलीने तुझ्यासाठी माझं खोटं सांभाळून नेलं.

त्यानंतर तुझा तो हात चादरीखाली असायचा. मे महिना होता, पंखा गरम हवा फेकत होता. आईने विचारलं तर मी म्हटलं, ताप आहे ना, थंडी वाजत असेल. भाऊ अजून सगळ्यांना सांगतो, की बाने शेवटी गोंदण झाकून घेतलं, दवाखान्यातल्या माणसांची नजर लागू नये म्हणून. सहाव्या दिवशी तू गेलास. तुला वर पाड्यावर आणलं, आईने तुझं चांदीचं कडं काढून घेतलं, तंबाखूची डबी शेजारी ठेवली. गोंदण तुझ्याबरोबर गेलं. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायचं तर लिहिते: मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते कुणी वाचणार नाही. आणि लगेच, तुझ्या बापाला तू हात दाखवतो आहेस असं डोळ्यांसमोर आलं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी तो शब्द उच्चारला नाही. कॉलेजातल्या त्या मुलीचे फोन घेणं हळूहळू बंद केलं. तिला वाटत असेल मी शिष्ट झाले. मुलांना मी आधी सांगते, की तुमची बोली कमी नाही, घरचे शब्द वर्गात आणा, फळ्यावर लिहू. हे मी मनापासून सांगते. याच श्रावणात एका दिवशी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, इंग्रजीत आपल्यासारख्यांसाठी शब्द आहे का? डोंगरात राहतात त्यांच्यासाठी?" अगदी तुझाच प्रश्न. माझ्या जिभेवर तो शब्द आला, आणि मी खडू खाली ठेवून म्हटलं, उद्या सांगते.

शाळेच्या कपाटात एक जाडी डिक्शनरी आहे, कुणीतरी देणगी दिलेली, तिची अर्धी पानं अजून एकमेकांना चिकटलेली. इतक्या वर्षांत मी तिथे तो शब्द काढून पाहिला नव्हता. अर्थ माहीत होता, मग कशाला बघायचा. त्या दिवशी काढला. आधी अर्थ होता, मी जाणत होते तोच: दुर्गम, मागासलेला मुलूख. आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरांत, शब्द कुठून आला ते होतं. तो इंग्रजांचा शब्दच नाही. फिलिपिन्स नावाची समुद्रातली बेटं आहेत, तिथली तागालोग नावाची बोली आहे, आणि त्या बोलीत बुंदोक म्हणजे डोंगर.

मग मोबाइलवर आणखी वाचलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेचे सैनिक त्या बेटांवर लढायला गेले होते. तिथली माणसं डोंगराला बुंदोक म्हणतात हे त्यांनी ऐकलं. त्यांच्यासाठी डोंगर म्हणजे अडचणीची, रान माजलेली, जिथे वाट सापडत नाही अशी जागा. शब्द त्यांनी उचलला आणि घरी नेला, आणि घरी त्याचा अर्थ झाला, कोपऱ्यातला, मागासलेला भाग. सैनिकांच्या जाड बुटांनाही त्यावरून नाव पडलं. पुढच्या एका लढाईत त्याचं आणखी छोटं, लाडकं रूप झालं, बूनीज. आणि असंही वाचलं, की त्या बेटांवरचे खालचे लोकसुद्धा वरच्यांना बुंदोकचा म्हणून हिणवतात, जसं आपल्याला बसमध्ये कुणी म्हणतं, ए डोंगरी, सरक. म्हणजे शिवी त्यात थोडी आधीपासून असणार, सैनिकांनी ती जगभर नेली. पण मुळात, सगळ्याच्या तळाशी, डोंगर. तू तो शब्द त्या बेटांवरच्या माणसांसारखा म्हणायचास, शेवटचा स गाळून.

बा, खरं सांगते, क्षणभर मला उडी मारावीशी वाटली. मी खोटं बोलले नव्हते! तुझ्या हातावर डोंगरच होता. तुझ्या बापाला तू बरोबर सांगितलं असशील. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ही सगळी गोष्ट सांगितली, नकाशावर बेटं दाखवली. मुलं रंगून गेली. "मॅडम, बुंदोक, डोंगर, सारखंच की!" एक जण ओरडला. मी म्हटलं, नातं नाही, नुसतं ऐकायला जवळ आहे. मी म्हटलं, बघा, शब्द डोंगरातल्या माणसांचा होता, त्याची शिवी दुसऱ्यांनी केली. फार छान तास झाला. घंटा झाल्यावर ती नववीची मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मग तो शब्द वापरायचा की नाही?" मी म्हटलं, "कोण म्हणतंय त्यावर आहे." ती मान हलवून गेली, आणि तिथे, रिकाम्या वर्गात, माझा सगळा आनंद उतरला.

कारण म्हणणारी मी होते. शब्दाची शिवी दुसऱ्यांनी केली हे मुलांना सांगताना, त्या दुसऱ्यांत मी आहे हे मी सांगितलं नाही. पेटीवर मी डोंगर लिहिला नव्हता. तुला कागदावर लिहून दिलं तेव्हा त्या बेटांचं नावही मला माहीत नव्हतं. विष समजून दिलं आणि ते औषध निघालं, तरी देणारा हात तोच. डिक्शनरीने तुला सोडवलं असेल, मला नाही.

आणि आता ही पोर. तिला इंग्रजी येणार आहे. आठवी-नववीत गेली की ती स्वतःच्या हातावरचं वाचेल, कुठल्यातरी वसतिगृहात कुणीतरी तिला त्याचा अर्थ सांगेल, आणि ती विचारेल हे कुणी लिहून दिलं. काल संध्याकाळी मी भावाला मोबाइलवर लिहिलं, आत्ता गोंदवू नको, मी भोंगऱ्याला येते, त्या शब्दाबद्दल थोडं सांगायचं आहे. त्याचं उत्तर आलं, "त्यात काय सांगायचंय? अर्थ बाने सांगितलाय सगळ्यांना." त्याखाली हसरा चेहरा.

मी जाणार आहे. गोंदणाऱ्याच्या सावलीत जायच्या आधी, घरी, आई आणि भाऊ दोघं असताना सांगेन. आधी वसतिगृह, मग पेटी, मग बाजारातला कागद. बेटांची गोष्ट सगळ्यात शेवटी, तीही त्यांनी विचारली तर. मला भीती वाटते ती स्वतःची. मी शिक्षिका आहे, गोष्ट चांगली सांगता येते. बेटांपासून सुरुवात केली तर सगळे खूश होतील, पोरीचा हात गोंदला जाईल आणि माझं काहीच सांगायचं राहून जाईल. म्हणून हे आधी इथे लिहून काढते आहे. लिहून झालं की तुझ्या त्या पेटीत ठेवीन. आई आता तिच्यात बियाणं ठेवते, लाल अक्षरं अर्धी उडाली आहेत.

एवढं लिहून मी पत्र परत वाचलं, आणि एके ठिकाणी मी तुलाही तेच सांगितलं आहे जे नऊ वर्षं आईला आणि भावाला सांगत आले. तू हात आपणहून चादरीखाली घेतला नव्हतास. ती डॉक्टर गेल्यावर चादर मी ओढली. तू गरम होतंय म्हणालास आणि हात बाहेर काढलास. दुसऱ्या दिवशी राउंडची वेळ झाली तशी मी पुन्हा ओढली. तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खाटेपाशी आले, तेव्हा हात आधीच आत होता.